कोरडा सांधा

१ सप्टेंबर, रविवार

म्हाताऱ्याने जाताना मला तीन शब्द नेमून दिले. पाणी, खाणं, आवाज. रोज तारीख घालून एवढंच लिहायचं, जास्त अक्कल चालवायची नाही, असं बजावून गेला.

वही माशाची आहे. एकोणीस वर्षं म्हातारा तीत आफुंगची नोंद ठेवतोय. आमच्या फेर्डीची शाळेतली प्रगतिपुस्तकं कुठे गेली ते कुणाला ठाऊक नाही, पण आफुंगने कुठल्या मंगळवारी किती झुरळं खाल्ली ते लगेच सापडेल. मी पुढून ते तीन शब्द लिहिते आणि मागून हे. म्हातारा कुठलीच गोष्ट शेवटच्या पानापर्यंत वाचत नाही, तेव्हा काळजी नाही.

पहाटेच्या बसने तो आणि आमचा मुलगा फेर्डी सीमेपलीकडच्या कुचिंगला गेले. म्हाताऱ्याच्या छातीतल्या तीन नळ्या तुंबल्यात. आपल्या पोंतियानाकच्या डॉक्टरांनी हात टेकले, तिथले बारा तारखेला छाती उघडणार आहेत. खरं तर गेल्या महिन्यातच व्हायचं होतं, पण तो सातवा महिना, भुतांचा. त्यात कापाकापी नको म्हणून त्याची बहीण लिनफा अडून बसली. म्हातारा तिला म्हणाला, "नळ्यांचं काम मला कुणी शिकवू नका. आयुष्यभर तेच केलंय." बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात तो नळजोडारी होता.

निघायच्या आधी मी बांधलेली पिशवी त्याने सोडली आणि परत बांधली. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. मी मारलेली एकही गाठ त्याने तशी राहू दिलेली नाही. तांदळाचं पोतं असो, फेर्डीच्या बुटाची नाडी असो. मग काचेशी गेला, वाकला आणि माशाला हळूच म्हणाला, "शहाणपणा करू नकोस, ऐकलंस?" आफुंगला उड्या मारायची खोड आहे, झाकणावर सहा विटा ठेवाव्या लागतात. त्याबद्दलच बोलला असणार. मला मात्र नुसतं "येतो" म्हणाला.

२ सप्टेंबर

धूर. पलीकडच्या किनाऱ्यावरची गांबुत माती पेटली आहे. गांबुत म्हणजे आमच्याकडची काळी, भुसभुशीत जमीन, हजार वर्षांचा पालापाचोळा कुजून झालेली. उन्हाळ्यात ती आतल्या आत धुमसते. सूर्य दिवसभर अंड्याच्या बलकासारखा लोंबकळत असतो, त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येतं.

सकाळी चाय-क्वे, माझ्या भाजी भरलेल्या उकडीच्या करंज्या, विकून झाल्या. आज कुचाईच्या, लसणाच्या पातीसारख्या भाजीच्या, जास्त खपल्या. मग मी माशासमोर स्टूल टाकून बसले. आमच्या घरात ही सवतीची जागा आहे. अडीच मीटर लांब काच, आत दीड हात लांब लालभडक आफुंग. एकटाच इकडून तिकडे जातो, कोपऱ्यात वळतो आणि परत येतो. टाकीच्या एका कोपऱ्यात तळाला भोक आहे, त्यातून एक नळी आत वर उभी आहे. पाणी तिच्या तोंडापर्यंत चढलं की आत पडतं आणि खालच्या पेटीत उतरतं. तिथे कापूस आणि खडे आहेत, त्यांतून गाळून पंप ते परत वर चढवतो. पाणी उतरताना आवाज होतो. कुणीतरी शेजारच्या खोलीत घोट घोट पाणी पितंय, असा. एकोणीस वर्षं तो ऐकत झोपले आणि कधी ऐकलाच नाही. आज घरात दुसरं कुणी नव्हतं म्हणून ऐकू आला.

३ सप्टेंबर

लिनफा येणार म्हणून घर झाडलं. टाकीखालचं कपाट उघडलं तर काय घाण! नळी पेटीला जिथे मिळते तिथे म्हाताऱ्याने सायकलच्या जुन्या ट्यूबच्या काळ्या पट्ट्या गुंडाळून ठेवल्या होत्या. ओशट झालेल्या, वर पालीची अंडी. कात्रीने कापून टाकल्या. नळी जागची हलली नाही, म्हणजे नुसत्या शोभेलाच होत्या.

लिनफाने येऊन देवघरात उदबत्त्या लावल्या आणि मग काचेपुढे हात जोडले. मला म्हणाली, "आसो, तू घाबरू नकोस. घरात आफुंग आहे. वेळच आली तर तो जाईल, पण माझ्या भावाला जाऊ देणार नाही." माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहे, पण वहिनीला धीर द्यायचा तर तिनेच. बाजारातल्या शिंप्याची गोष्ट तिने परत सांगितली. त्याचा ट्रक उलटला, त्याला खरचटलंसुद्धा नाही, आणि घरी येऊन बघतो तर त्याचा आफुंगसारखाच सिलुक मासा पोट वर करून तरंगतोय. मालकावरचं संकट माशाने अंगावर घेतलं. शिंप्याने त्याला लाल कापडात गुंडाळून अंगणात पुरला आणि शंभर माणूस जेवू घातलं.

गोष्ट खरी आहे. मी त्या जेवणाला होते. मी ती मानते का? दिवसा नाही मानत.

५ सप्टेंबर

दुपारी पडल्या पडल्या डोळा लागला. स्वप्नात मी लहान होते आणि आमच्या होडीत पाणी शिरत होतं. गार होतं आणि बरं वाटत होतं. उठून पाय खाली टाकले तर पाय ओले.

नळी पेटीवरून निसटली होती. टाकीतून उतरणारं पाणी पेटीत न पडता फळ्यांवरून वाहत, फटींतून घराखालच्या चिखलात चाललं होतं आणि रिकाम्या पेटीत पंप कोरडा कण्हत होता. टाकीतलं पाणी वाचलं, पेटीतलं सगळं गेलं. दोन पिंपं पावसाचं पाणी! नळाला सध्या समुद्र येतोय, नदी आटली की खारं पाणी वर चढतं, त्यात मासा जगायचा नाही. स्वयंपाकघरामागच्या हौदात साठवलेलं पावसाचं पाणी गुडघाभर उरलंय, ते आमच्या पिण्याचं. त्यातली दोन पिंपं काढून पेटी भरली. जीव तुटला.

गल्लीतल्या बांग जुमाटला हाक मारली. नळाची कामं आता तोच करतो, म्हाताऱ्याचाच हाताखालचा होता; त्याला अपेक म्हणतो आणि मला आचे. तो कपाटात डोकं घालून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "आचे, अपेकने गोंद लावलेलाच नाही. सगळे सांधे कोरडे. हा तर जेमतेम बोटाच्या पेराएवढा आत होता."

मला शरमच वाटली. बर्फाच्या कारखान्यातला एवढा नावाजलेला कारागीर, आणि घरची नळी नुसती टेकवून ठेवलेली. वय झालं की माणूस असं अर्धवट करून ठेवतो आणि आपण विचारत नाही. नळीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, एकीखाली एक, प्रत्येकीपुढे वर्ष. फेर्डीची उंची दाराच्या चौकटीवर मांडायचा तशा. नातवंड नाही म्हणून नळीची उंची मोजत बसला असेल.

जुमाटने विचारलं, चिकटवू का? मी म्हटलं, अशी चिकटव की परत माझी झोप मोडता कामा नये. त्याने तो तुकडा उपसून काढला, नवा लांब घातला आणि वरपासून खालपर्यंत गोंदाने पक्का केला. पेटीलाही लोखंडी पट्टी मारून फळीला आवळलं. काढलेला तुकडा मी चुलीमागे टाकला, कोळसे ढकलायला बरा.

७ सप्टेंबर

म्हाताऱ्याचा फोन. तपासण्या चालू आहेत, जेवणात मीठ नाही म्हणून चिडलाय. मग म्हणाला, आवाज ऐकव. मी फोन कपाटात धरला. 

"फार गप्प आहे," तो म्हणाला.

मी म्हटलं, चांगलंच आहे की.

"चांगलं आहे. रबर बांधलेलं आहे ना, म्हातारे?"

आता त्या माणसाची छाती पाच दिवसांनी उघडणार. त्याला काय सांगू, की तुझं काम बेकार निघालं, पाणी गेलं, दुसऱ्याला बोलवावं लागलं? मी म्हटलं, "आहे की. जसं होतं तसं आहे." त्याने सुस्कारा सोडला. बेचाळीस वर्षांत त्याच्याशी फार खोटं बोलले नाही मी. हे बोलले आणि वर बरंही वाटलं.

१० सप्टेंबर

आज काय झालंय कोण जाणे. चाय-क्वेच्या उकडपात्रात पाणी एका बाजूला जातंय, अर्ध्या शिजतात आणि अर्ध्या पिठूळ राहतात. भांड्याचं बूड गेलं असेल, नवं घ्यायला हवं. मागचं दार घासतंय, खांदा लावल्याशिवाय लागत नाही. धुराने लाकूडसुद्धा वाकडं होतं वाटतं.

दुपारी माशासमोर बसले. बाहेर पिवळा उजेड, आत लाल मासा, आणि कसलाच आवाज नाही. घर नदीतून कुठेतरी चाललंय आणि मी काठावर उभ्या लोकांना ओळखत नाही, असं वाटत राहिलं. आफुंग काचेला तोंड लावून माझ्याकडे बघत होता. त्याला म्हटलं, परवा आहे. तुला माहीत आहे ना?

म्हणजे नक्की काय विचारलं मी त्याला? लिहिताना आता लाज वाटते.

१२ सप्टेंबर, गुरुवार

सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी आठला म्हाताऱ्याला आत नेलं असा फेर्डीचा फोन आला. लिनफा इथेच होती. तिने तीन उदबत्त्या लावल्या. आम्ही दोघी टाकीसमोर बसलो होतो. नऊच्या सुमाराला टाकीतून आवाज आला. टक्. गरम पेल्यात गार पाणी ओतल्यावर येतो तसा, तेवढाच.

टाकीच्या तळाच्या भोकापासून एक चीर निघाली होती आणि बघता बघता हातभर झाली. पाणी धारेने कपाटात, तिथून फळ्यांतून खाली. मी चिंध्या लावल्या, पीठ मळून ठेवलं होतं ते लावलं. पाणी सगळं ढकलून देत होतं. पंप बंद केला. धावत दारात जाऊन जुमाटला हाका मारल्या, तो घरात नव्हता. त्याची बायको त्याला शोधायला गेली. परत आले तर पाणी अर्ध्यावर आलेलं आणि लिनफा टाकीसमोर गुडघ्यांवर बसलेली.

ती म्हणाली, "आसो, राहू दे. तो चाललाय. माझ्या भावाच्या वाटचं घेऊन चाललाय. आजच, याच घटकेला. तुला दिसत नाही का?"

मला दिसत होतं.

इथे खरं लिहायचं तर मी थांबले. माझ्या हातात मोठी परात होती, ती मी खाली ठेवली आणि लिनफाशेजारी बसले. पाणी आफुंगच्या पाठीखाली गेलं. तो एका कुशीवर कलला, कल्ले उघडत-मिटत होते आणि एक डोळा वर छताकडे होता. मी मनात म्हटलं, जा. मी खरोखर म्हटलं. एकोणीस वर्षं तुला माझ्या हाताने खायला घातलंय, आता जा. उदबत्ती तिसरा हिस्सा जळेपर्यंत मी तशी बसून राहिले आणि मला रडूसुद्धा येत नव्हतं.

मग धार थांबली. दाब उतरल्यावर मघाचं पीठ चिरेत बसलं असेल, चार बोटं पाणी उरलं होतं. घर एकदम गप्प झालं. आणि मला वाटलं, म्हातारा शुद्धीवर येईल, पहिलं म्हणेल आवाज ऐकव. काय ऐकवू?

एवढंच वाटलं. दयामाया नाही, मोठा विचार नाही. तो फोन कानाला धरून पडून राहील आणि माझ्याकडे ऐकवायला काहीच नसेल.

मी उठले. पलंगावरची चादर ओढली, भिजवली. लिनफाने माझा हात धरला, मी तो झटकला. तेवढ्यात जुमाट धापा टाकत आला. त्याने चपलासुद्धा काढल्या नाहीत. दोघांनी मिळून चादरीत गुंडाळून आफुंगला उचलला. एवढा जड आहे ते मला माहीतच नव्हतं. ठेवायचा कुठे? गोड पाणी घरात एकाच जागी होतं. पिण्याच्या हौदात सोडला.

लिनफा निघून गेली. दारातून म्हणाली, "माझ्या भावाला काही झालं तर ते तू केलंस. मासा जात होता, तू जाऊ दिला नाहीस."

खरंच आहे तिचं. तो वाचला नाही तर ते माझ्यावर. हे कुणाला सांगणार? म्हणून इथे लिहिलं.

वहीच्या पुढच्या बाजूला आजची तारीख घातली. पाणी: गेलं. खाणं: नाही. आवाज: इथे काय लिहावं सुचेना, जागा मोकळी सोडली.

१२ सप्टेंबर, संध्याकाळ

फेर्डीचा फोन. बाहेर आणलंय. शुद्ध नाही. डॉक्टर म्हणतात वाट बघा.

१३ सप्टेंबर

आठव्या महिन्याची पुनव. गल्लीत पोरांनी कंदील काढले, धुरात ते तरंगल्यासारखे येत-जात होते. चंद्र तांब्याच्या वाटीएवढा आणि तसाच काळपट. दरवर्षी लिनफा चंद्राच्या वड्या घेऊन येते, आज आली नाही.

अजून शुद्ध नाही.

मी हौदाशी बसून राहिले. आत अंधार आहे. मधूनच एक लाल रेघ येते आणि विझते. त्याला म्हटलं, मी तुला वाचवलं म्हणून माझे उपकार मानू नकोस. मी तुला आधी मारलं होतं.

प्यायला पाणी नाही म्हणून कोरड्या घशाने झोपायला चालले होते, तर दारात दोन पिंपं. जुमाटच्या घरच्या पावसाच्या पाण्याची. त्यांच्या घरात सात माणसं आहेत. हाक मारून ठेवावं ना माणसाने. ठेवून गेला.

१४ सप्टेंबर

शुद्धीवर आला!

नाकातोंडात नळ्या आहेत, बोलता येत नाही. फेर्डी म्हणाला, "मा, ते हाताने फोनची खूण करतायत. कानाला लावू?" मी पळतच हौदाकडे गेले, ठेचकाळले, फोन पाण्यावर धरला. आफुंग कोपऱ्यात. येईना. मी पाण्यावर बोट टकटकवलं, झुरळ टाकताना टकटकवते तसं. तेव्हा आला, वर तोंड काढलं आणि एक घोट घेतला. पचक. बस, तेवढाच आवाज.

फेर्डीने फोन परत स्वतःच्या कानाला लावला. मग म्हणाला, "मा, बाबा रडतायत. दुखतंय बहुतेक. मी नर्सला बोलावतो."

औषधं नीट देतात की नाही कोण जाणे.

लिनफा तासाभराने आली. वड्या आणल्या होत्या, एक दिवस शिळ्या. आत आली, हौदात डोकावली. मग वडीचे चार तुकडे केले आणि म्हणाली, "मीही लहानच आहे की अजून, आसो. बोलून जाते." मी म्हटलं, एकोणपन्नास वर्षांची घोडी तू. मग दोघी हसलो आणि मग दोघी रडलो.

१७ सप्टेंबर

जुमाटने टाकीच्या तळाला आतून काचेचा तुकडा डकवला. वाळायला तीन दिवस. पण चीर पडली का, ते त्याला कळेना. काच चांगली जाड, भोक व्यवस्थित घासलेलं.

मी चुलीमागचा तो जुना तुकडा आणून दिला, कोळशाने काळा झालेला. रेघा अजून दिसत होत्या. जुमाटने तो पुसला, कपाटात धरून बघितला आणि मग खाली फळीवर मांडी घालून बसला. म्हणाला, "आचे, अपेकने टाकीखाली वेगळे खांब ठोकलेत का?"

ठोकलेत. टाकीचं वजन फार, म्हणून तिच्या घडवंचीला बेलियान लाकडाचे आठ खांब फळ्यांतून खाली घातलेत, कडक मातीपर्यंत. पेटी मात्र घराच्या फळीवर ठेवलेली. आणि घर गांबुतवर आहे. या शहरातलं प्रत्येक घर वर्षाला बोटभर खाली जातं, हे इथल्या पोराटोरालाही माहीत आहे. टाकी जागच्या जागी राहते आणि पेटी घराबरोबर खाली जाते. दर नवीन वर्षाला म्हातारा रेघ मारून बघत होता नळी किती बाहेर आली, आणि फार आली की तुकडा बदलत होता. सांधा कोरडा होता तो सरकावा म्हणून. रबर होतं ते सरकतानाही सुटू नये म्हणून. मी रबर कापलं, जुमाटने गोंद लावला, या कोरड्या उन्हाळ्यात घर एकदम दोन बोटं बसलं आणि चिकटवलेल्या नळीने टाकीचा तळ खाली ओढला.

उकडपात्राचं बूड गेलेलं नाही. दारही धुराने वाकडं झालेलं नाही.

जुमाट कपाळ चोळत म्हणाला, "मी त्यांच्याच हाताखाली शिकलो आणि मला दिसलं नाही. सांधा हाताला लागला की चिकटवला." मी म्हटलं, तू दहा वर्षं शिकलास, मी बेचाळीस.

१९ सप्टेंबर

नळी कोरडी बसवली, चांगली चार बोटं आत. पंक्चरवाल्याकडून जुनी ट्यूब मागून आणली. तो म्हणाला, "आचे, एवढ्याशा ट्यूबचं काय करणार, सायकल घेतलीत काय या वयात?" मी म्हटलं, मासा पळून जातो, त्याला बांधायचाय.

पट्ट्या कापल्या आणि बांधायला मीच बसले. जुमाटला दिलं नाही. तीनदा सोडून बांधलं. फार आवळलं तर नळी सरकत नाही, सैल सोडलं तर निसटते. शेवटी चाय-क्वेची कड जेवढी दाबते तेवढं दाबलं, फुटू नये आणि उघडू नये. गाठ माझी, ओबडधोबड.

२२ सप्टेंबर

गल्लीतल्या अकरा घरांनी बादली बादली पावसाचं पाणी आणून दिलं. या दिवसांत लोक अंघोळीचं पाणी मोजून घेतात. जुमाटच्या बायकोने सगळ्यांना काय सांगितलं ठाऊक नाही. टाकी अर्धी भरली, मग काल झालेल्या पावसाचं पन्हळीखालून धरून बाकी भरली. पंप लावला. नळी घोट घोट प्यायला लागली.

मी पंखा बंद केला, चूल विझवली आणि ऐकत बसले.

२३ सप्टेंबर

आमचं शहर विषुववृत्तावर, आज भर दुपारी सावली पडत नाही. लहानपणी आम्ही या दिवशी अंगणात अंडं उभं करायचो आणि आपल्या पायाखाली सावली शोधायचो. आज मी अंगणात उभी राहिले. पायाखाली काही नव्हतं. आपण आहोत की नाही असं क्षणभर वाटलं आणि त्याची भीती वाटली नाही. आत आफुंग परत टाकीत आहे. एक डोळा थोडा खाली झुकला आहे, आडवा पडला होता त्या बाजूचा. तो डोळा माझ्यामुळे.

२६ सप्टेंबर

म्हातारा घरी आला. धूर विरला होता म्हणून विमानाने आले. अर्धा झालाय. पायऱ्या चढताना माझा खांदा धरला, याआधी कधी धरला नव्हता.

पलंगावर बसेना. स्टूल टाकीपुढे ओढायला लावलं. आफुंग आला, काचेला तोंड लावलं. म्हातारा वाकायला गेला, वाकवेना, म्हणून तिथूनच म्हणाला, "ऐकलंस म्हणायचं माझं."

मी म्हटलं, ऐकेल नाही तर काय, झाकणावर सहा विटा आहेत.

त्याने माझ्याकडे बघितलं.  मग छातीवर हात दाबून हसायला लागला, आणि हसताना दुखतं म्हणून मलाच ओरडला.

२८ सप्टेंबर

सकाळी त्याने वही मागितली. पुढची पानं त्याच्यासमोर उघडून दिली आणि मी चाय-क्वे उकडायला गेले.  रबराचं खोटं सांगायचं होतं, ते धीर धरून सांगेन असं ठरवलं होतं. बाकीचं सांगणार नव्हते, कधीच.

पहिली खेप उतरवून परत आले तर तो डोळे मिटून बसलेला. वही मांडीवर, उलटी, मागचा पुठ्ठा वर. पंख्याचा वारा फार आहे त्या कोपऱ्यात. मी ती उचलली आणि म्हटलं, बारा तारखेला आवाजाची जागा मोकळी राहिलीय, भरायची विसरले. तो म्हणाला, "असू दे मोकळी."

मग मी एका दमात सांगून टाकलं. रबर मी कापलं होतं, फोनवर खोटं बोलले, नवीन मीच बांधलंय.

 तो उठला, कपाटाची कड धरून हळूहळू खाली बसला आणि दार उघडलं. मी मागे उभी होते. त्याने नळीवरून हात फिरवला, सांध्याशी आला, गाठीत बोट घातलं. आता सोडणार, मला माहीत होतं. मी पट्ट्या शोधायला वळलेसुद्धा. त्याने गाठ एकदा ओढून बघितली. मग आणखी एकदा.

बोट काढून घेतलं, विजारीला पुसलं आणि दार लावून घेतलं.

"चहा टाक, म्हातारे," म्हणाला.